अनंताच्या कळ्या गळतात, पानं पिवळी पडतात. कोल्हापुरात अनंत जगवायचा कसा?

बावडेकरीण
नमस्कार मंडळी. कसबा बावड्यात आमच्या नव्या घरासमोर, कंपाउंडच्या आत अनंत लावलाय. नर्सरीतून आणला तेव्हा पानं गडद हिरवी आणि चकचकीत होती. आता शेंड्याची नवी पानं फिकट पिवळी निघतात, त्यात शिरा तेवढ्या हिरव्या दिसतात. कळ्या मात्र भरपूर लागतात. पीळ घातलेल्या हिरव्या कळ्या बोटाच्या पेराएवढ्या होतात, टोकाला पांढरं डोकावायला लागतं आणि सकाळी बघावं तर देठासकट खाली.

शेणखत घालून झालं, डीएपी घालून झालं. पाणी बोअरचं, रोज संध्याकाळी. सकाळचं ऊन पडतं, दुपारी भिंतीची सावली येते. सासूबाई म्हणतात अनंत प्रत्येकाच्या दारात टिकत नाही. मला ते पटत नाही, पण झाड त्यांच्याच बाजूने आहे.

जमिनीतच ठेवावा की कुंडीत काढावा? गावात कुणाकडे चांगला फुललेला असेल तर काय करता ते जरा सविस्तर सांगा.

पेठेतला
अनंत म्हणजे पहिल्या दिवाळसणाला आलेला जावई. काय बिनसलंय ते सांगत नाही, नुसता तोंड पाडून बसतो. आपण आपलं विचारत राहायचं.

कुंडीवाली काकू
एप्सम सॉल्ट चमचाभर लिटरभर पाण्यात घालून फवार. माझी पानं त्यानेच हिरवी झाली. चहाचा चोथापण घाल. अंड्याची टरफलं कुस्करून घातलीस की कळ्या धरतात. माझ्या गुलाबांना मी हेच करते, एकदम मस्त आहेत.

निशिगंधा_कोप
काकू, गुलाबाला जे चालतं ते अनंताला चालेल असं नाही हो. अंड्याची टरफलं म्हणजे चुनाच. अनंताला आंबट माती लागते, सामू (म्हणजे पीएच) साधारण पाच ते सहा. चुलीची राखही याच कारणाने घालायची नाही.

चहाच्या चोथ्याबद्दल पण थोडं. आपल्याकडच्या चोथ्यात साखर, दूध, आलं सगळं असतं. न धुता घातला की मुंग्या येतात. मुंग्या आल्या की पाठोपाठ पिठ्या ढेकूण, कारण त्याच्या अंगातून गळणारा चिकटा मुंग्यांना हवा असतो. आणि उकळून झालेल्या पत्तीत आंबटपणा फारसा उरतही नाही.

कुंडीवाली काकू
मी धुऊनच घालते. टरफलांचं मात्र नव्याने कळलं. पण मग माझी पानं एप्समने हिरवी कशी झाली?

शिरोळचा_उसवाला
काकू, तुमची कुठली पानं पिवळी होती, खालची का वरची? सगळी मेख तिथंच हाय.

खालची जुनी पानं कडेनं पिवळी व्हायला लागली की मॅग्नेशियम कमी. एप्सम म्हणजे मॅग्नेशियमच, म्हणून त्याला ते लागू पडतं. पण बावडेकरीण ताई म्हणत्यात शेंड्याची नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या. हे लोखंड कमी पडल्याचं लक्षण. आमच्याकडं उसावर असं झालं की "केवडा पडला" म्हणत्यात. पोंग्यातली पानं पिवळी-पांढरी निघत्यात, शिरा हिरव्या. ऊस काय, अनंत काय, रोग एकच.

आणि लोखंड जमिनीत नसतं असं न्हाई. काळ्या मातीत ते ढिगानं असतंय. चुनखडी आणि चढलेला सामू यामुळं ते मातीत घट्ट बसतंय, मुळाला उचलता येत न्हाई. त्यात तुम्ही डीएपी घातलं, ते स्फुरदाचं (फॉस्फरसचं) खत. स्फुरद जास्त झालं की ते लोखंडाला आणखी अडवतंय. डीएपी पहिलं बंद करा.

उसाला आम्ही हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, फवारतो, लिटरला पाच ग्रॅम, त्यात लिंबाचा रस पिळून. अनंताची पानं कवळी असत्यात, त्याला निम्म्यानंच घ्या. ऊन उतरल्यावर फवारा. आणि फरशीपासून लांब. माझ्या बंधूंनी अंगणातल्या एक्झोऱ्याच्या झुडपावर मारलं होतं, कोटा फरशीवरचे गंजाचे डाग अजून गेल्याले न्हाईत. वैनी रोज पुसत्यात आणि रोज बोलत्यात.

पेठेतला
म्हणजे झाड हिरवं, फरशी पिवळी, आणि दादा लाल.

रानवाटा_आजरा
आमच्याकडे आजऱ्यात अनंत कुंपणाला आहे. कुणी काही घालत नाही. मे महिन्यात सकाळी दार उघडलं की वास आत येतो. खाली जांभ्याची लाल माती आणि वरून तो पाऊस, झाडाला आणखी काय पाहिजे?

शिरोळचा_उसवाला
रानवाटा भाऊ, तुमचं बरं हाय. एकाच जिल्ह्यात राहतो म्हणायचं फक्त. गगनबावड्यात जेवढा पाऊस पडतो त्याच्या दहाव्या हिश्श्यावर आमचं शिरोळ भागतंय. तुमच्याकडं पावसानं चुना केव्हाच धुऊन गेला आणि माती आंबट झाली. आमच्याकडं काळी माती, तळात चुनखडीचे खडे, वर बारमाही पाणी देऊन देऊन कैक रानं क्षारपड झालेली. त्यात अनंत लावायचा म्हणजे जिद्द पाहिजे. मी लावलाय. कुंडीत.

निशिगंधा_कोप
म्हणूनच "कोल्हापुरात कसा वाढवायचा" याला एक उत्तर नाही. राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड या बाजूला जमिनीत लावा आणि विसरून जा. हातकणंगले, शिरोळला कुंडी. कोल्हापूर शहर मधोमध, त्यामुळे गल्लीगणिक उत्तर बदलणार.

दूरदेशी_पोर
धागा वाचतोय. विषयांतराची माफी मागून एक सांगतो. याचं शास्त्रीय नाव गार्डेनिया, ते "गार्डन" म्हणजे बागेवरून आलं असं मी इतकी वर्षं समजत होतो. अलेक्झांडर गार्डन नावाचा मूळचा स्कॉटिश डॉक्टर अमेरिकेत चार्ल्सटनला होता, त्याच्या मानार्थ लिनीयसने हे नाव दिलं. झाड मूळचं चीन-जपानकडचं आणि त्याचा या डॉक्टरशी काही संबंधच नाही. बिचारा पुढे अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात इंग्रजांच्या बाजूने राहिला. मालमत्ता जप्त झाली आणि लंडनला जाऊन 1791 मध्ये वारला.

चीन-जपानमध्ये एकेरी पाकळ्यांच्या अनंताला फळं धरतात, त्यापासून पिवळा रंग काढतात. केशरात जे रंगद्रव्य असतं तेच यातही असतं, क्रोसिन. जपानात मुळ्याच्या लोणच्याला हाच रंग देतात. आपल्याकडचा गच्च पाकळ्यांचा अनंत मात्र सहसा फळ धरत नाही.

पेठेतला
डॉक्टरसाहेबांच्या पण कळ्या गळाल्या म्हणायच्या.

आजीचा_बटवा
दूरदेशी, गोत्राचं काढलंत म्हणून सांगते. आपल्या महाराष्ट्राच्या रानातही या कुळातली झाडं आहेत. काष्ठौषधीच्या दुकानात डिकेमाली मिळते, उग्र वासाची. ती याच गोत्रातल्या झाडाचा डिंक. शेंड्यावरच्या कळीतून पाझरतो. पूर्वी बाळांच्या पोटदुखीला घरोघरी असायची. आता कुणी मनानेच देऊ नका, डॉक्टरांना विचारा.

आणि कॉफी, एक्झोरा, मुसंडा, कदंब हे सगळे अनंताचे भाऊबंद. बघा, एक्झोऱ्याचीही पानं आपल्याकडे अशीच पिवळी पडतात.

कात्रीबहाद्दर
एक मूलभूत प्रश्न. तो अनंतच आहे ना? गच्च पाकळ्यांची डबल तगर अनंत म्हणून खपवतात, लहान रोपात भल्याभल्यांना कळत नाही. एक पान तोडून बघा. देठातून पांढरा चीक आला तर तगर. अनंताला चीक नसतो. शिवाय अनंताचं फूल दुसऱ्या दिवशी सायीच्या रंगाचं होतं, मग पिवळं. तगर पांढरीच राहते आणि तशीच कोमेजते.

माझ्या मामेबहिणीला उपनगरातल्या एका नर्सरीने "हा बघा अनंत" म्हणून तगर दिली. बाई कौतुकाने आंबट ताक घालत होती. तगर मजेत आहे, तिला काय फरक पडतोय.

बावडेकरीण
चीक नाही. आत्ताच कंदील... म्हणजे मोबाइलचा उजेड धरून पान तोडून बघितलं. अनंतच आहे. सासूबाई विचारतायत, रात्री झाडाशी काय बोलतेस.

उसवाला दादा, तुम्ही म्हणता तसंच आहे. खालची पानं ठीक, वरची पिवळी. डीएपी बंद. हिराकस कुठे मिळेल?

शिरोळचा_उसवाला
खता-औषधाच्या कुठल्याबी दुकानात. फेरस सल्फेट म्हणा. हिरवट खडे असत्यात. तांबूस पडल्याले जुने घेऊ नका, ते उतरल्यालं असतंय. मातीत घालून मात्र उपयोग थोडा. चुनखडीच्या जमिनीत पडलं की चार दिवसांत तेबी बसतंय घट्ट. फवारणीच करा.

मातीतूनच द्यायचं म्हणलं तर चिलेट घ्या, म्हणजे मातीत घट्ट न बसता मुळाला उचलता येईल असं बांधल्यालं लोखंड. त्यात ईडीटीए आणि ईडीडीएचए असे दोन प्रकार. ईडीटीए साडेसहाच्या वर सामू गेला की दम टाकतंय. आपल्या मातीला ईडीडीएचए लागतंय. गर्द तांबडी भुकटी, चिमूटभर टाकली तरी बादली लाल. महाग हाय, पण एका झाडाला लागतंय कितीसं.

साखरपेरणी
एवढं कशाला? साखर कारखान्याची मळी घाला. कुजलेली मळी सगळ्यात भारी खत. आमच्या जास्वंदीला घातली, पानं ताटाएवढी.

निशिगंधा_कोप
जास्वंदीला चालेल. अनंताला जपून. कारखान्यात उसाचा रस निवळायला चुना घालतात, आणि गाळून जे उरतं तीच मळी. त्यातून कॅल्शियम येणारच. ज्या झाडाचं दुखणंच चुना आहे त्याला चुना कशाला वाढायचा?

साखरपेरणी
मॅडम, आमच्या आजोबांनी आयुष्यभर मळी घातली. कधी काही झालं नाही.

निशिगंधा_कोप
आजोबांनी अनंताला घातली का?

साखरपेरणी
उसाला.

पेठेतला
विषय संपला.

पूररेषा
नागाळा पार्कातून लिहिते. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि परत 2021 च्या जुलैमध्ये आमच्या बागेत पंचगंगा आली. जास्वंद, कण्हेर, तगर तग धरून राहिली. अनंत गेला. मुळं पाण्यात राहिली की कुजतात, वर पानं गळून काड्या उरतात. पाणी ओसरल्यावर बागेत गाळाचा थर बसला होता, वाळल्यावर त्याला भेगा पडल्या. तो गाळ शेतीला चांगला म्हणतात, पण त्यात अनंत काही परत रुजला नाही.

आता उंच ओट्यावर लावलाय. ओटा गुडघ्याएवढा, तळाशी विटांचे तुकडे, वर पन्हाळ्याकडून आणलेली लाल माती, पालापाचोळ्याचं खत आणि कोकोपीट. फुलतोय. तेव्हा ज्यांचं घर सखल भागात आहे त्यांनी सामूच्याही आधी निचरा बघावा. अनंताला ओल हवी, पण साचलेलं पाणी अजिबात नको.

शाहूपुरीतला_शहाणा
कळ्या गळण्याबद्दल कुणीच बोलेना. मूळ प्रश्न तोच होता ना? पानांचं झालं, कळ्यांचं सांगतो.

अनंताची कळी धरायला रात्री थंड लागतात. आपल्याकडे हिवाळ्याच्या शेवटी भरपूर कळ्या धरतात त्या म्हणूनच. मग मार्च-एप्रिल येतो, दुपारी झळा आणि रात्रीही उकाडा. त्यात एक दिवस पाणी चुकलं की झाड कळ्या टाकतं. एकदम भरपूर पाणी, मग कोरडं, मग परत भरपूर, असं झालं तरी टाकतं. कुंडी इकडून तिकडे हलवली, ऊन बदललं, तरी टाकतं. कळी मोठी होऊन तपकिरी पडून गळत असेल तर ती उकलून बघा, आत बारीक फुलकिडे असू शकतात.

तेव्हा मुळाशी पाचटाचं आच्छादन घाला. उसाच्या जिल्ह्यात राहून पाचट मिळत नाही असं कुणी म्हणू नये. चांगला चार बोटं थर, खोडाला मात्र चिकटवायचा नाही. माती गार राहते, ओल एकसारखी राहते, कुजून थोडा आंबटपणाही येतो. पाणी सकाळी द्या. बोट दोन पेरं मातीत घालून बघायचं, कोरडं लागलं तरच. रोज ठरवून नाही.

कुंडीवाली काकू
हे पाचटाचं छान. कुंडीत पण चालेल ना?

शाहूपुरीतला_शहाणा
चालेल, बारीक कापून घाला. नाहीतर रसवंतीवाल्याकडून चिपाडं आणाल, तसलं नको. ती गोड असतात, मुंग्या लागतील.

पेठेतला
गेला माझा बेत.

निशिगंधा_कोप
बावडेकरीण, तुमचं पाणी बोअरचं म्हणालात. कुंड्यांच्या किंवा नळाच्या तोंडाशी पांढरा थर बसतो का? बसत असेल तर पाणी जड आहे. रोज संध्याकाळी तुम्ही झाडाला थोडा थोडा चुनाच पाजताय. महापालिकेचं पाणी असेल तर ते द्या, पावसाळ्यात पागोळ्यांचं पाणी पिंपात धरा. अनंताला पावसाचं पाणी फार मानवतं.

पेठेतला
काळम्मावाडी धरणाचं थेट पाइपलाइनचं पाणी अनंताला? झाडाचं नशीब काढलं. त्या पाण्याची वाट बघण्यात आमची एक पिढी गेली.

नळकोंडाळं
पाणी आंबट करायला लिंबू किंवा व्हिनेगर चालतं का? बादलीला एखादा चमचा?

निशिगंधा_कोप
चालतं, पण तेवढ्यापुरतं. त्या पाण्यातला चुना निवतो इतकंच, मातीतला चुना तिथेच राहतो. गंधक मातीत मिसळतात, त्याचं काम हळू चालतं. मातीतले जिवाणू ते आंबवतात, त्यात महिने जातात. आणि माती चुनखडीची असेल तर कितीही गंधक घाला, चुना ते पिऊन टाकतो. म्हणून आधी माती तपासावी. माती परीक्षणाला देताना सामूबरोबर "मुक्त चुना" पण काढून मागा.

घरी पटकन बघायचं तर चमचाभर कोरडी माती बशीत घ्या आणि वरून व्हिनेगर टाका. फसफसून फेस आला तर चुना आहे.

माळीबुवा_निवृत्त
मी आयुष्यभर बंगल्यांच्या बागा केल्या. सगळ्यांचं वाचलं, बरोबर आहे. पण एक गोष्ट कुणी विचारली नाही.

ताई, तुमचं घर नवं म्हणालात. झाड कंपाउंडच्या भिंतीपासून किती लांब आहे? आणि लावताना खड्डा किती खोल घेतला?

नव्या घराच्या कडेनं अनंत, एक्झोरा, चाफा काही लावायचं झालं तर मी आधी पहार मारून बघतो. बांधकामवाले जाताना उरलेलं सिमेंट, गिलाव्याची खरड, चुनकळी, फुटक्या विटा सगळं भिंतीच्या कडेला लोटतात आणि वर दोन घमेली माती ओढतात. वरून बाग दिसते, खाली राडारोडा. मूळ खाली गेलं की थेट सिमेंटात. मग तुम्ही फवारा मारा नाहीतर आरती ओवाळा.

बावडेकरीण
बुवा, भिंतीपासून हातभरच लांब आहे. खड्डा नर्सरीच्या माणसानेच येऊन काढला होता, फार खोल नव्हता. "खाली कडक लागतंय" म्हणाला होता. आम्हाला वाटलं मुरूम असेल.

उद्या रविवार आहे, बघतो उकरून.

पेठेतला
लाइव्ह द्या हो. वाट बघतोय.

रानवाटा_आजरा
+१

कात्रीबहाद्दर
तोपर्यंत छाटणीचं सांगून ठेवतो, नंतर कुणीतरी दिवाळीत कात्री चालवेल. अनंताची छाटणी बहर सरला की लगेच, म्हणजे साधारण जून-जुलैत. वाळक्या काड्या काढा, लांबलेले शेंडे मारा, मधला गुंता मोकळा करा. पावसात नवे फुटवे येतात आणि त्यांच्या शेंड्याला पुढच्या कळ्या धरतात. पाऊस गेल्यावर, ऑक्टोबरनंतर शेंडे मारले तर पुढच्या उन्हाळ्याची फुलं तुम्हीच कापली असं समजा.

छाटलेल्या काड्या टाकू नका. ना कोवळी ना जून, पेन्सिलीपेक्षा बारीक, वीतभर काडी घ्या. खालची पानं काढा, वर दोन-तीन ठेवा, मोठी असली तर अर्धी कापा. वाळू आणि कोकोपीट ओलं करून त्यात खोचा, वर प्लॅस्टिकची पिशवी झाका, सावलीत ठेवा. महिना-दीड महिन्यात मुळ्या धरतात. पेल्यात पाणी घालून ठेवली तरी धरतात, पण पाणी बदलत राहायला लागतं. पावसाळ्यात गुटी पण छान बांधता येते, म्हणजे फांदी झाडावर असतानाच तिला मुळ्या आणायच्या.

कुंडीवाली काकू
माझ्या अनंताच्या पानांवर काळं काळं बसलंय, काजळी पडल्यागत. बोटाने पुसलं की निघतं. हा कुठला रोग?

निशिगंधा_कोप
काकू, ती काजळी बुरशीच आहे, पण ती मूळ दुखणं नाही. पान उलटं करून बघा. पांढरी माशी किंवा पिठ्या ढेकूण असणार. त्यांचा चिकटा पानावर पडतो, त्यावर ही बुरशी वाढते. ओल्या फडक्याने पानं दोन्ही बाजूंनी पुसा. मग निंबोळी तेल पाच मिली आणि साबणाचे थोडे थेंब लिटरभर पाण्यात घालून, सूर्य कलल्यावर फवारा. आठवड्याने परत. आणि मुंग्यांची रांग कुठून येते ते शोधा.

कुंडीवाली काकू
पिठ्या ढेकूणच आहे. चहाचा चोथा बंद. आता मुंग्या जिन्यातून येतायत, वरच्या मजल्यावरच्यांना काय सांगू?

पेठेतला
चहा बिनसाखरेचा प्या म्हणावं.

बावडेकरीण
उकरलं.

बुवा, तुम्हाला साष्टांग. वीतभर माती आणि त्याखाली करड्या रंगाचा थर. वाळलेलं सिमेंट, गिलाव्याचे पापुद्रे, एक अख्खी घमेल्याच्या आकाराची सिमेंटची ढेप. घमेलं उलटं करून रिकामं केलं असणार, काठाची गोल खूणसुद्धा तशीच आहे. अनंताच्या मुळ्या त्या ढेपेवर जाऊन आडव्या वळल्यात, खाली एक गेलेली नाही. निशिगंधाताईंनी सांगितलं तसं बशीत माती घेऊन व्हिनेगर टाकलं. सोडा वॉटर फोडल्यागत आवाज आला. सासूबाई पण बघायला बसल्या होत्या.

ठेकेदाराला फोन केला. म्हणाला, "वहिनी, सगळेच तसंच करतात."

आता झाड बाहेर काढून ठेवलंय, मुळांभोवती ओलं पोतं गुंडाळलंय. लगेच सांगा, कुंडी का दुसरा खड्डा?

माळीबुवा_निवृत्त
आधी सावलीत ठेवा आणि पोतं ओलं राहू द्या. मुळांना चिकटलेलं सिमेंट हाताने हळूच काढा, पाण्यात हलकं खळबळा, चोळू नका. राहिलेल्या कळ्या सगळ्या खुडून टाका. जीव तुटेल, पण खुडा. या हलवाहलवीत त्या तशाही गळणारच. शेंडेही तिसरा हिस्सा कमी करा.

जागा माझ्या मते कुंडीच. भिंतीकडेचा राडा सगळा निघणार नाही. पाऊस पडला की त्यातून चुना झिरपत राहील.

पूररेषा
मी ओटा सुचवेन. भिंतीपासून लांब, अंगणाच्या मध्यावर. कुंडी उन्हाळ्यात तापते, एक दिवस गावाला गेलं की संपलं.

शिरोळचा_उसवाला
मी बुवांच्या बाजूनं. कुंडीतली माती आपल्या हातात राहते. वाटलं तर दोन वर्षांनी बदलता येते. ओट्याखाली काय हाय ते परत कुणाला म्हाईत?

पूररेषा
दादा, ओट्याच्या तळाला विटा घालायच्या. मूळ खाली जातंय कशाला.

माळीबुवा_निवृत्त
ओटापण चालेल, भांडण नको. आत्ता कुंडीत लावा, झाड सावरलं की पुढच्या पावसाळ्यात ओटा बांधून त्यात उतरवा. मातीची कुंडी घ्या, चौदा-सोळा इंची. सिमेंटची कुंडी अजिबात नको, कारण आता तुम्हाला सांगायला नको. दोन वाटे लाल माती, एक वाटा धुतलेलं कोकोपीट, एक वाटा चांगलं कुजलेलं पालापाचोळ्याचं खत, मूठभर निंबोळी पेंड. पेंडीनं मुळावर गाठी करणारे सूत्रकृमी थोडे आवरतात, अनंताला ते लवकर लागतात. खोड जेवढं मातीत होतं तेवढंच ठेवा, जास्त पुरू नका. पंधरा दिवस सावलीत, मग हळूहळू सकाळचं ऊन. नवी पालवी दिसेपर्यंत कसलंही खत नाही, हिराकस नाही, काही नाही.

बावडेकरीण
कुंडी आणली, लाल माती जोतिबाला जाणाऱ्या पाव्हण्यांना सांगून मागवलीय. तोवर कोकोपीट धुऊन ठेवते. कळ्या सासूबाईंनी स्वतः खुडल्या आणि वाटीत पाणी घालून देवापाशी ठेवल्या. त्यातली एक अर्धी उमललीय, वास येतोय.

छाटलेल्या काड्या बऱ्याच निघाल्यात. कात्रीबहाद्दर, या ना कोवळ्या ना जून बसतील का? कुणाला हव्या असतील तर बावड्यात येऊन घेऊन जा.

कात्रीबहाद्दर
वाकवल्यावर काडी लवचिक राहून मग टचकन मोडली तर बरोबर. नुसती वाकली तर कोवळी. मला दोन ठेवा, रविवारी येतो. ओल्या कागदात गुंडाळून पिशवीत घाला म्हणजे सुकणार नाहीत.

कुंडीवाली काकू
मलापण एक. माझं घर उजळाईवाडीत आहे, कुणी तिकडे येणारं आहे का?

साखरपेरणी
काकू, मी रोज उजळाईवाडीवरून जातो. तुमची काडी मी आणून देतो. येताना थोडी मळी आणू का, जास्वंदीला?

कुंडीवाली काकू
आणा. पण अनंतापासून लांब उतरवा.